ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी मागच्या चाकांवर आणताना

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी केवळ मागच्या चाकांवर चालवता येईल का, हा प्रश्न वाहनमालकांकडून वारंवार विचारला जातो आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा एकमेकांच्या विरुद्ध असतात. पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारे दोन हाफ शाफ्ट काढले की काम झाले, असे कोणी सांगतो. एक फ्यूज काढला तरी पुरे, असे दुसरा सांगतो. तर असे केल्यास गाडी जागची हलणारच नाही, असे तिसऱ्याचे म्हणणे असते. ही तिन्ही उत्तरे कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतीत खरी आहेत आणि गोंधळाचे मूळही तेच आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या आतली रचना अगदी निरनिराळी असते. एका रचनेला लागू पडणारा उपाय दुसरीवर केला, तर हजारो रुपयांचा गिअरबॉक्स काही किलोमीटरांत निकामी होऊ शकतो. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी वाचकांनी तीन गोष्टींचा उलगडा करून घ्यावा: आपला हेतू काय, आपल्या गाडीची रचना कोणती आणि बदललेली गाडी कुठे चालवायची आहे.

हेतू आधी ठरवावा

रूपांतराचा विचार करणारे वाहनमालक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. काहींना इंधनाची बचत हवी असते, किंवा गाडीचा पुढचा डिफरन्शियल, हाफ शाफ्ट अथवा पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस बिघडलेली असते आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा काढून टाकणे स्वस्त पडेल असे त्यांना वाटते. इतरांना बंदिस्त ट्रॅकवर ड्रिफ्टिंग करायचे असते, किंवा अपघातात सापडलेल्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स एखाद्या हलक्या, हाताने बांधलेल्या गाडीत बसवायचे असतात.

पहिल्या प्रकारच्या वाचकांनी हा विचार सोडून द्यावा, असेच स्पष्ट सांगणे योग्य ठरेल. रूपांतरानंतरही गिअरबॉक्समधले बरेचसे फिरणारे भाग गाडीतच राहतात, वजनात होणारी घट किरकोळ असते आणि त्यामुळे इंधनात होणारी बचत गिअरबॉक्स उतरवून उघडण्याची मजुरीही भरून काढत नाही. बिघडलेल्या भागाच्या जागी सुस्थितीतला वापरलेला भाग बसवणे जवळजवळ प्रत्येक वेळी स्वस्त आणि सुरक्षित पडते. पुढील तपशील मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या वाचकांसाठी आहे. मात्र रचना ओळखण्याचा भाग सर्वांनीच वाचावा, कारण काही वाचकांना आपली गाडी मुळातच मागच्या चाकांवर चालते, हे त्यातून कळेल.

गाडीची रचना कशी ओळखावी

बॉनेट उघडून इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे उभे, बसवले आहे की आडवे, हे प्रथम पाहावे, आणि त्यानंतर गाडी वर घेऊन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद लांबवर नेणारा फिरता दांडा, कुठून निघून कुठे जातो ते तपासावे. एवढ्या पाहणीतून गाडी पुढीलपैकी कोणत्या गटात बसते, ते ठरवता येते.

- हवे तेव्हा चारचाकी होणारी गाडी. महिंद्रा थार फोर-बाय-फोर, मारुती जिप्सी आणि जिम्नी या गाड्यांत टू-एच, फोर-एच आणि फोर-एल असे पर्याय असतात. टू-एचमध्ये या गाड्या मागच्या चाकांवरच चालतात. इथे रूपांतर करण्यासारखे काही नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर लिव्हर टू-एचमध्ये ठेवणे, एवढेच मालकाचे काम आहे.
- मुळात मागच्या चाकांची, गरजेपुरती पुढे ताकद देणारी गाडी. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या १९८९ पासूनच्या पिढ्या आणि बीएमडब्ल्यूच्या इंजिन उभे असलेल्या एक्सड्राइव्ह गाड्या या गटात येतात. यांत मागची चाके सतत जोडलेली असतात आणि पुढच्या चाकांकडे जाणारी ताकद तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांच्या क्लचमधून जाते.
- केंद्रीय डिफरन्शियल असलेली सतत चारचाकी गाडी. सुबारूच्या मॅन्युअल गाड्या आणि उभ्या इंजिनाच्या, टॉर्सन डिफरन्शियल असलेल्या ऑडी क्वाट्रो या गटातल्या होत. रूपांतर शक्य आहे, पण सर्वाधिक चुका इथेच होतात.
- मुळात पुढच्या चाकांची, आडव्या इंजिनाची गाडी. रेनो डस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्त्यांत पुढची चाके कायम जोडलेली असतात आणि मागच्या डिफरन्शियलजवळचे कपलिंग गरजेपुरती ताकद मागे घेते. हे कपलिंग सर्व ताकद सतत वाहण्यासाठी बनवलेले नसते. या गाड्या मागच्या चाकांवर आणण्याचा प्रयत्न करू नये.

सुबारूच्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. त्यांच्या इंजिनाशेजारी एफडब्ल्यूडी असे लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते आणि तिथे फ्यूज बसवला की गाडी दोन चाकांवर येते, हे खरे आहे; परंतु ती येते पुढच्या चाकांवर. त्या गिअरबॉक्समध्ये पुढची चाके थेट जोडलेली असून मागची चाके क्लचमार्फत जोडलेली असतात आणि फ्यूज बसवल्यावर तो क्लच सुटतो. म्हणून अशा ऑटोमॅटिकपासून मागच्या चाकांची गाडी करण्याचा सरळ मार्ग उपलब्ध नाही.

हाफ शाफ्ट काढून का भागत नाही

इथून पुढे सुबारूचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स उदाहरणादाखल घेतला आहे, कारण रूपांतराचे बहुतेक प्रयोग त्याच्यावरच होतात. सुबारूने भारतात आपल्या नावाने गाड्या विकल्या नसल्या, तरी २००० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात तिची फॉरेस्टर इथे शेवरोले फॉरेस्टर या नावाने विकली गेली होती.

या गिअरबॉक्समध्ये गिअरसंच, पुढचा डिफरन्शियल आणि केंद्रीय डिफरन्शियल हे तिन्ही एकाच धातूच्या कवचात असतात. अशा एकत्रित रचनेला ट्रान्सएक्सल म्हणतात. डिफरन्शियल म्हणजे दोन बाजूंना ताकद देतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा दात्यांचा संच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते म्हणून तो पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर लागतो, आणि पुढची व मागची चाकेही वळणावर वेगवेगळे अंतर कापतात म्हणून तिसरा, केंद्रीय डिफरन्शियल लागतो. इंजिनाची ताकद गिअरमधून एका पोकळ शाफ्टमार्गे मागे केंद्रीय डिफरन्शियलपर्यंत जाते. तिथे तिचे दोन भाग होतात. एक भाग त्या पोकळ शाफ्टच्या आतूनच जाणाऱ्या पिनियन शाफ्टने पुन्हा पुढे येऊन पुढच्या डिफरन्शियलला मिळतो आणि दुसरा भाग ट्रान्स्फर गिअरच्या जोडीमार्गे मागच्या प्रोपेलर शाफ्टला मिळतो.

केंद्रीय डिफरन्शियल दोन्ही बाजूंना ठरावीक प्रमाणातच पीळ, म्हणजे टॉर्क, देऊ शकतो आणि या गिअरबॉक्समध्ये ते प्रमाण समान असते. तराजूचे एक पारडे काढून टाकले, तर दुसऱ्या पारड्यातले वजन तोलता येत नाही; त्याचप्रमाणे पुढचे हाफ शाफ्ट काढल्यावर पुढच्या बाजूला विरोधच उरत नसल्याने मागच्या बाजूलाही जवळजवळ काहीच टॉर्क मिळत नाही. इंजिन गर्जते, पुढचा रिकामा डिफरन्शियल वेगाने फिरतो आणि गाडी उभीच राहते. ऑडीच्या टॉर्सन डिफरन्शियलचीही गत वेगळी नाही. तो कमी विरोधाच्या बाजूच्या टॉर्कच्या काही पट टॉर्क दुसरीकडे देऊ शकतो, पण शून्याची कितीही पट केली तरी शून्यच येते.

प्रत्यक्षात शाफ्ट काढलेली सुबारू थोडीफार सरकते आणि त्यामुळेच अनेकांची फसगत होते. केंद्रीय डिफरन्शियलला जोडून एक विस्कस कपलिंग बसवलेले असते. त्यात दाट सिलिकॉन द्रवात बुडालेल्या पातळ चकत्या असतात आणि दोन बाजूंच्या गतीत फरक पडला की द्रवाच्या घर्षणामुळे ते दोन्ही बाजू एकत्र ओढू लागते. ही व्यवस्था चाक क्षणभर घसरण्यापुरती आहे. पूर्ण गाडी तिच्यावर ओढली, तर द्रव तापतो, त्याचे गुणधर्म बिघडतात आणि कपलिंग कायमचे जाम तरी होते किंवा निकामी तरी. गाडी चालली म्हणजे पद्धत बरोबर आहे, असा निष्कर्ष कोणीही काढू नये.

सुबारूच्या गिअरबॉक्सचे रूपांतर

योग्य रूपांतरात पुढच्या बाजूचा टॉर्क बंद करून सर्व टॉर्क मागे पाठवावा लागतो. त्यासाठीचे काम पुढील क्रमाने करून घ्यावे.

१. गिअरबॉक्सचा नेमका प्रकार नोंदवावा. कवचावरील कोड, पुढच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर आणि ट्रान्स्फर गिअरचे गुणोत्तर ही तिन्ही माहिती हाती असल्याशिवाय कोणताही भाग मागवू नये. उदाहरणार्थ, काही इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स गाड्यांत पुढचे गुणोत्तर ३.९०० असते, तर मागच्या डिफरन्शियलचे ३.५४५; ट्रान्स्फर गिअरचे १.१ गुणोत्तर मध्ये आल्यामुळे ती दोन्ही जुळतात. रूपांतरानंतर पुढच्या-मागच्या गुणोत्तरांचा मेळ राखण्याचे बंधन उरत नाही, त्यामुळे मागच्या डिफरन्शियलची निवड अधिक मोकळेपणाने करता येते.

२. केंद्रीय डिफरन्शियल बाद करावा. गिअरबॉक्सचे मागचे कवच काढले की हा डिफरन्शियल हाती येतो. मुख्य कवच दुभंगावे लागत नाही. त्याच्या जागी स्पूल, म्हणजे दाते नसलेला, दोन्ही बाजू एकत्र बांधणारा भरीव तुकडा बसवता येतो, किंवा केवळ ट्रान्स्फर गिअरलाच जोडणारा आणि पिनियन शाफ्टला मोकळा सोडणारा जोड लेथवर तयार करून घेता येतो. दुसऱ्या पद्धतीत पुढचा डिफरन्शियल फिरतच नाही, म्हणून ती सरस आहे. मात्र तिच्यासाठी अचूक मापाचे, योग्य उष्णतासंस्कार केलेले पोलाद आणि जाणकार टर्नर दोन्ही लागतात.

३. वेल्डिंगचा मोह टाळावा. डिफरन्शियलचे दाते एकमेकांना वेल्ड करून तो जाम करणे गॅरेजमध्ये सर्वांत स्वस्त पडते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने दात्यांचा कठीण केलेला पृष्ठभाग मऊ किंवा ठिसूळ होतो, वेल्डचा एखादा कण सुटला तर तो तेलातून सर्व बेअरिंगपर्यंत पोहोचतो, आणि याच संचाच्या कवचात बंदिस्त सिलिकॉन द्रवाचे विस्कस कपलिंगही असल्यामुळे जोडलेल्या स्थितीत त्याला वेल्डिंग करणे कारागिराच्या जिवाला धोक्याचे ठरते.

४. पुढच्या डिफरन्शियलची तोंडे बंद करावीत. ज्या गिअरबॉक्सच्या कवचातून आखूड दांडे बाहेर आलेले असतात, त्यांत ते तसेच राहू द्यावेत. ज्यांत हाफ शाफ्टचे टोक थेट आत शिरते, त्यांत शाफ्ट काढताच त्या छिद्रातून गिअरबॉक्सचे तेल वाहून जाते, म्हणून तिथे ऑइल सीलवर नीट बसणारी आखूड टोके किंवा झाकणे बसवावी लागतात. स्पूल वापरून पुढचा डिफरन्शियल फिरता ठेवला असेल, तर एक हाफ शाफ्ट काढून दुसरा जागेवर ठेवण्याची चूक कटाक्षाने टाळावी. तसे केल्यास आतले छोटे दाते विनाकारण फिरून लवकर झिजू शकतात.

५. पुढच्या हबची काळजी घ्यावी. हा टप्पा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि सर्वांत धोकादायकही तोच आहे. चाकाच्या मध्यभागी दिसणारा मोठा नट हाफ शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याचे टोक हबमध्ये आवळून धरतो आणि त्या आवळण्यामुळेच चाकाच्या बेअरिंगचे दोन भाग एकत्र दाबलेले राहतात. संपूर्ण शाफ्ट काढून चाक तसेच चालवले, तर बेअरिंग सैल होते, चाक डुगडुगू लागते आणि अखेरीस हब सुटून चाक निखळू शकते. म्हणून बाहेरचा सांधा उघडून त्यातील पिंजरा आणि गोळ्या काढाव्यात, दांडा वेगळा करावा, वाटीसारखा उरलेला भाग त्याच्या स्प्लाइनसह हबमध्ये परत घालावा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, नव्या नटासह, टॉर्क रेंच वापरूनच आवळावा. एबीएसची दातेरी चकती याच सांध्यावर असेल, तर ती जागची हलवू नये.

६. तेल आणि वेगाचा संदेश तपासावा. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर आणि पुढचा डिफरन्शियल यांचे तेल एकच असते आणि ते आतमध्ये उडवून पसरवण्यात क्राऊन व्हीलचा, म्हणजे त्या डिफरन्शियलच्या मोठ्या फिरत्या दातेरी चक्राचाही, वाटा असतो. क्राऊन व्हील स्थिर राहणार असेल किंवा काढले जाणार असेल, तर तेलाच्या पातळीचा आणि त्याच्या तपासणीच्या मुदतीचा नव्याने विचार करावा. स्पीडोमीटरचा संदेश गिअरबॉक्सच्या ज्या भागातून घेतला जातो, तो भाग आता फिरतो की नाही, हेही गाडी खाली उतरवण्यापूर्वी पाहावे.

७. चारही चाके उचलून चाचणी घ्यावी. भक्कम स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीत पहिला गिअर टाकल्यावर फक्त मागची चाके फिरली पाहिजेत, पुढच्या सीलपाशी तेल दिसता कामा नये आणि गिअरबॉक्समधून घासल्याचा आवाज येता कामा नये. यानंतरच गाडी मोकळ्या आवारात सावकाश चालवावी.

तोच गिअरबॉक्स गाडीच्या मागच्या भागात बसवायचा असेल तर

हाताने बांधलेल्या, मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीसाठी काम नेमके उलटे आहे. तिथे इंजिनासह संपूर्ण ट्रान्सएक्सल चालकाच्या पाठीमागे बसवला जातो आणि त्याचा मूळचा पुढचा डिफरन्शियलच मागची चाके फिरवतो. म्हणजे केंद्रीय डिफरन्शियल जाम करून मागे जाणारी वाट बंद करायची आणि ट्रान्स्फर गिअर काढून तिथे झाकण बसवायचे. या मार्गात प्रोपेलर शाफ्ट आणि वेगळा मागचा डिफरन्शियल दोन्ही लागत नाहीत, म्हणून बांधणी हलकी आणि सुटसुटीत होते. इंजिन मागच्या अॅक्सलच्या पुढे असेल, तर चाके योग्य दिशेने फिरतात. मात्र फोक्सवॅगन बीटलप्रमाणे इंजिन अॅक्सलच्या मागे ठेवायचे असल्यास संपूर्ण संच १८० अंशांत वळवावा लागतो आणि मग चाके उलटी फिरू लागतात. अशा वेळी उलट्या बाजूने कापलेली क्राऊन-पिनियनची जोडी बसवल्याशिवाय गाडीला एक गिअर पुढे जाण्याचा आणि पाच मागे येण्याचे उरतात.

दुप्पट होणारा भार

रूपांतराचा हिशेब मांडताना मागच्या बाजूवर येणारा वाढीव भार बहुधा विसरला जातो. समजा, इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आहे; घर्षण सोडून दिले तर गिअरमधून १,०५० न्यूटन-मीटर टॉर्क बाहेर पडतो. मूळ रचनेत त्यातले सुमारे ५२५ मागे जातात, तर रूपांतरानंतर सर्वच्या सर्व १,०५०. ट्रान्स्फर गिअरचे दाते, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागच्या डिफरन्शियलची क्राऊन-पिनियन आणि मागचे हाफ शाफ्ट या सगळ्यांना हा दुप्पट टॉर्क सतत सोसावा लागतो. सुबारूच्या सामान्य गाड्यांत आर १६० आणि अधिक ताकदीच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये आर १८० हे मागचे डिफरन्शियल येतात. त्यातील आकडा क्राऊन व्हीलचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. टर्बो इंजिनासह रूपांतर करायचे असेल, तर आर १८० आणि त्याला जुळणारे हाफ शाफ्ट यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

खुद्द सुबारूने २०१२ मध्ये टोयोटासोबत बीआरझेड ही मागच्या चाकांची गाडी आणली, तेव्हा आपला ऑल-व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्स बदलून वापरला नाही. तिला आयसिन कंपनीचा, मुळातच मागच्या चाकांसाठी घडवलेला सहा गिअरचा बॉक्स दिला. पुढचा डिफरन्शियल नसल्यामुळे इंजिन अधिक खाली आणि मागे बसवता आले. जुन्या इम्प्रेझात तो फायदा मिळत नाही. पुढच्या अॅक्सलच्याही पुढे लटकलेले इंजिन तिथेच राहते. ताकद मागच्या चाकांना आणि वजनाचा मोठा भाग पुढच्या चाकांवर, अशी विसंगती त्यातून निर्माण होते. ओल्या रस्त्यावर, विशेषतः पावसाळ्यातल्या घाटात, अशा गाडीची मागची चाके मूळ गाडीच्या तुलनेत फार लवकर पकड सोडतात, आणि चारही चाकांच्या हिशेबाने आखलेली स्थैर्य-नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिला सावरेलच, याची खात्री नसते.

इतर गाड्यांतील सोपे मार्ग

स्कायलाइन जीटी-आरमध्ये पुढे ताकद देणारा क्लच हायड्रॉलिक दाबाने आवळला जातो, म्हणून त्या यंत्रणेचा फ्यूज काढला की गाडी मागच्या चाकांवर चालते. कायमस्वरूपी बदल करायचा असेल, तर त्याच काळातल्या मागच्या चाकांच्या स्कायलाइनचा गिअरबॉक्स बसवणे हा प्रचलित मार्ग आहे. एक्सड्राइव्ह गाडीत पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढता येतो, परंतु डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागतात आणि संबंधित संगणक यंत्रणा बंद पडू शकतात. बीएमडब्ल्यूने २०१७ साली सादर केलेल्या एम-५ मध्ये तर केवळ मागच्या चाकांवर चालवण्याचा पर्याय कंपनीनेच मेनूत दिला आहे. ज्यांना नव्या गाडीत चारही चाकांची आणि केवळ मागच्या चाकांची अशा दोन्ही सोयी हव्यात, त्यांनी असा कारखान्यातून आलेला पर्यायच निवडावा.

कायदा, विमा आणि ग्राहकाचे हक्क

भारतात नोंदणी झालेल्या गाडीबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ निर्णायक आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनात करण्यास हे कलम मनाई करते. प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या मनाईला दुजोरा दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आरसी बुकात ड्राइव्हचा रकाना नाही म्हणून बदल चालतो, हा गॅरेजमधला युक्तिवाद आरटीओपुढे किंवा न्यायालयात टिकेल, अशी भिस्त ठेवू नये. अशी गाडी महाराष्ट्रात वा गोव्यात सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये. ती ट्रॅकपुरतीच ठेवावी आणि ट्रॅकपर्यंतही ट्रेलरवरूनच न्यावी.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी असा बदल विमा कंपनीला कळवावा आणि नोंदणीवरील परिणामाबाबत डीव्हीएलए या वाहननोंदणी संस्थेकडे आधी चौकशी करावी. जर्मनीत गाडीची वापरासाठीची मान्यता अशा बदलाने रद्द होऊ शकते, म्हणून अधिकृत तपासनिसाकडून वैयक्तिक तपासणी करून घेऊन कागदपत्रांत नोंद करवून घ्यावी लागते.

वाहनमालकांनी पुढील बाबी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

- न कळवलेल्या बदलामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी; महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.
- गॅरेजकडून कामाचे लेखी अंदाजपत्रक, भागांची यादी आणि जीएसटीसह बिल घ्यावे. वेल्डिंग करणार की स्पूल बसवणार, याचा उल्लेख त्यात असावा. काम सदोष निघाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.
- वॉरंटी शिल्लक असलेल्या गाडीत हा बदल करू नये. बदललेल्या भागांवरची वॉरंटी नाकारण्यास कंपनीला त्यामुळे सबळ कारण मिळते.

रस्त्यावर मागच्या चाकांची गाडीच चालवायची असेल, तर ती तशीच विकत घेणे हा सर्वांत स्वस्त, कायदेशीर आणि निर्धोक मार्ग आहे. महिंद्राने जानेवारी २०२३ पासून थार मागच्या चाकांच्या आवृत्तीतही उपलब्ध केली असून तिच्यात ट्रान्स्फर केसच नसते. ज्यांनी रूपांतर केलेच असेल, त्यांनी काढलेले मूळ भाग, बिले आणि बदलाची छायाचित्रे जपून ठेवावीत, आणि गाडी पुढे विकताना केंद्रीय डिफरन्शियल बाद केल्याचे व पुढच्या हबमध्ये केवळ सांध्याचे टोक असल्याचे नव्या मालकाला लेखी कळवावे. ही माहिती नसलेल्या मेकॅनिकने हबचा नट एकदा सैल सोडला, तर चाक रस्त्यात निखळू शकते.